कापूस, ट्रम्पेट आणि भगवान पालव

१९५१च्या ‘अलबेला’मध्ये नाचणाऱ्या भगवानदादांच्या मागे एक बँड दिसतो. तो सिनेमासाठी कपडे चढवून उभा केलेल्या एक्स्ट्रांचा नाही. झालरीच्या क्यूबन बाह्या घातलेले ते वादक अस्सल आहेत आणि त्यांचा म्होरक्या आंतोनियो झेवियर वाझ हा गोव्यातल्या हळदोण्याचा. मुंबईच्या हॉटेलांत त्याला चिक चॉकलेट म्हणत. आर्मस्ट्राँगच्या ढंगात तो ट्रम्पेट फुंकायचा, गायचासुद्धा तसाच घोगरं. त्याच्यापुढे नाचणारा भगवान आभाजी पालव हा गिरणी कामगाराचा मुलगा. चाली बांधणारा रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, गोदाकाठच्या पुणतांब्याचा. गाताना रेकॉर्डवर नुसतं ‘चितळकर’ एवढंच नाव लावायचा, त्यामुळे गायक वेगळा आणि संगीतकार वेगळा अशी पुष्कळांची वर्षानुवर्षं समजूत होती.

रॉक अँड रोल आपल्याकडे कसं आलं, असं विचारलं की साधारणपणे कॉलेजातली मुलं, गिटारी आणि परदेशातून मागवलेल्या रेकॉर्डी यांची गोष्ट सांगितली जाते. ती खोटी नाही, पण उशिराची आहे आणि थोड्या लोकांची आहे. मराठी माणसाच्या अंगात ती लय त्याआधीच शिरली होती, आणि ती दक्षिण मुंबईतून न येता लालबाग-परळच्या स्वस्त तिकिटांच्या रांगांमधून आली. त्या वाटेचा माग काढायचा तर कापसापासून सुरुवात करावी लागते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा कापसाचा मुख्य पुरवठा आटला. तो कापूस मिसिसिपी, जॉर्जिया, अलाबामाच्या मळ्यांवर गुलामांनी वेचलेला असायचा. विलायतेतले व्यापारी मग हिंदुस्थानकडे वळले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद, समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या, शेअरचा सट्टा ही सगळी त्या चार वर्षांची पिलावळ. १८६५मध्ये तिकडे युद्ध संपलं आणि इकडे पेढ्या बुडाल्या. पण रेल्वे राहिली. त्याच वर्षी थळ घाट उघडला होता, १८६७ला गाडी नागपूरला पोचली. खानदेश-वऱ्हाडच्या गाठी आता कसाऱ्याचा घाट उतरून कल्याणवरून मुंबईकडे धावू लागल्या. मुंबईची पहिली कापड गिरणी १८५६मध्येच सुरू झाली होती. युद्धानंतरच्या दशकांत ताडदेवपासून परळपर्यंत धुरांड्यांची रांग उभी राहिली.

भगवान पालवांचा जन्म १९१३ सालचा, अमरावतीचा, म्हणजे वऱ्हाडातल्या कापसाच्या ऐन बाजारपेठेतला. पुढचं आयुष्य दादर-परळच्या गिरणगावात गेलं. मुलाचं लक्ष कापडापेक्षा कुस्तीत आणि सिनेमात होतं.

तिकडे अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामी कायद्यानं संपली, पण कापूस काही संपला नाही. मोकळे झालेले लोक अर्धेलीनं तीच शेतं कसत राहिले आणि हंगामाच्या शेवटी मालकाच्या वहीत पुन्हा कर्जदारच निघाले. त्या मिसिसिपीच्या सखल मुलखात ब्लूज वाढलं. डब्ल्यू. सी. हँडी या बँडमास्तरानं लिहून ठेवलं आहे की साधारण १९०३ साली टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट बघत असताना एक फाटका कृष्णवर्णीय माणूस गिटारच्या तारांवर सुरी घासत काहीतरी गात होता, आणि असं विचित्र संगीत त्यानं कधी ऐकलं नव्हतं. ‘विचित्र’ हे हँडीच्या कानाचं मत. आपल्या कानाला त्यात फारसं अडायला नको. शुद्ध आणि कोमल गंधाराच्या मधल्या जागेवरून मींड घेत उतरणं आपल्याला परकं थोडंच आहे! बाकी रचना अगदी साधी: बारा आवर्तनं, आधाराला सा, म आणि प. पहिली चार सा-वर, मग दोन म-वर, दोन पुन्हा सा-वर, आणि शेवटी प-वर चढून घरी परत. ओळ एकदा म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसरीत तिचं उत्तर द्यायचं. एवढ्या सामानावर पुढचं सगळं घर उभं राहिलं: चक बेरीचं, रे चार्ल्सचं आणि एल्विसचंही.

ब्लूज गाणारी ही माणसं मग आगगाडीत बसून उत्तरेला निघाली. १९४३मध्ये मडी वॉटर्स स्टोव्हॉलच्या मळ्यावरून शिकागोला गेला, दिवसा नोकरी आणि रात्री गाणं. गोंगाटाच्या दारूगुत्त्यांत साधी गिटार ऐकू येईना म्हणून ती विजेवर वाजू लागली. आपल्या कोकणातून, घाटावरून माणसं गिरणगावात आली ती अशीच, बायकामुलं गावी ठेवून. त्यांच्याही गाण्याला गिरणीच्या भोंग्यावर मात करायची होती. १९४४च्या लाल बावटा कलापथकातून अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकरांनी जे गायलं त्यात क्रांती होतीच, पण अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड ऐकताना मला राहून राहून वाटतं, की गावी राहिलेल्या बायकोसाठीचा हा कढ मिसिसिपीच्या कुठल्याही गवयाला भाषा न कळताही समजला असता.

आता ट्रम्पेट. ते वेगळ्या रस्त्यानं आलं.

१९३५च्या अखेरीस मिनियापोलिसचा व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला संच घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. सगळे वादक कृष्णवर्णीय असलेला मुंबईतला हा पहिला जॅझ बँड. त्यातला ट्रम्पेटर क्रिकेट स्मिथ पुढे इथेच स्वतःचा बँड चालवू लागला, आणि पियानोवर टेडी वेदरफर्ड आला. वेदरफर्ड व्हर्जिनियाच्या कोळसा खाणींच्या मुलखातला. १९२६ साली शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात तो लुई आर्मस्ट्राँगबरोबर बसला होता, दोघांनी एकत्र वाजवलेली रेकॉर्डही आहे. तिथून शांघाय, मग मुंबई, आणि शेवटी कलकत्ता. १९४५मध्ये कॉलऱ्यानं तो तिथेच गेला. अमेरिकेत ज्या हॉटेलांत पुढच्या दारानं शिरायची सोय नव्हती तसल्या हॉटेलांत ही मंडळी मुंबईत मानानं वाजवत होती. समोर नाचणारे मात्र संस्थानिक, गोरे साहेब आणि पारशी शेठ. धोतर-टोपीवाल्याला तिथे प्रवेश कसला मिळणार!

पण बँडच्या मागच्या रांगा भरायला माणसं लागत, आणि ती गोव्याची होती. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांमधून मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलिपी, व्हायोलिन, गायन शिकवायचे. पाखल्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, दुसरं काही दिलं असो-नसो, कागदावरचं संगीत वाचणारी एक अख्खी जमात तयार केली. पोटासाठी ती मुंबईला येऊन धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावागावांच्या क्लबांत, गावबंधूंबरोबर राहायची. अमेरिकनांच्या शेजारी बसून या पोरांनी कागदावर न उतरणारी गोष्ट उचलली, म्हणजे स्विंग. समजावून सांगायची तर केरव्याच्या पोटात दादरा दडवावा तशी ती चाल. प्रत्येक मात्रेचे तीन भाग, आघात पहिल्यावर आणि तिसऱ्यावर. लिहिताना सरळ दिसते, वाजवताना झुलते.

दुसऱ्या महायुद्धात या धंद्याला बरकत आली. कल्याणजवळ लष्करानं मोठी ट्रान्झिट छावणी वसवली होती, तसल्या छावण्यांतून आणि बंदरातल्या जहाजांवरून सुटीवर येणारे शिपाई मुंबईच्या डान्स हॉलांत पगार उडवायचे. युद्ध संपलं, शिपाई गेले. कल्याणच्या त्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९मध्ये कॅम्पाचं उल्हासनगर झालं. हॉटेलवाल्यांना त्याहून मोठा दणका पुढच्या वर्षी बसला. मोरारजीभाई देसाईंची दारूबंदी १९५०च्या एप्रिलपासून मुंबई राज्यात पूर्ण लागू झाली. दारूविना नाच कोण करणार? क्लब ओस पडू लागले आणि ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम यांनी दादर, ताडदेव, महालक्ष्मीच्या स्टुडिओंची वाट धरली. मोरारजीभाईंचा हिंदी सिनेसंगीताच्या इतिहासात कुणी उल्लेख करत नाही. खरं तर करायला हवा.

तिथे सी. रामचंद्र आधीपासूनच बसले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रोक्त तालीम झालेली, नट व्हायचं म्हणून सिनेमात आले, ते जमलं नाही आणि सोहराब मोदींच्या मिनर्व्हात पेटीवर बसले. स्टंटपट काढणाऱ्या भगवानशी गट्टी जमली. भगवाननं मद्रासेकडच्या दोन तमिळ चित्रपटांचं काम घेतलं, ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’, त्यांना संगीत या मराठी गड्याचं. हिंदीतली सुरुवातही भगवानच्याच ‘सुखी जीवन’नं, १९४२ साली. पुणतांब्याचा पेटीवाला आणि परळचा पैलवान तमिळ सिनेमा करतात, हा विनोद त्या काळात कुणाला विनोद वाटत नव्हता. सिनेमा म्हणजे मिळेल ते काम.

१९४७च्या ‘शहनाई’त ‘आना मेरी जान संडे के संडे’ आलं आणि सभ्य लोकांनी कानांवर हात ठेवले. त्या गाण्याला जॅझ म्हणायची पद्धत आहे, मला ते पटत नाही. साज विलायती असला तरी आतून तो वगातला सवाल-जवाब आहे: एक फाजील गडी, एक त्याला पुरून उरणारी बाई, आणि एकेक कडव्याला एकेक टोला. १९४९मधल्या ‘पतंगा’च्या ‘मेरे पिया गये रंगून’मध्येही तेच. टेलिफोन आहे, रंगून-डेहराडून आहे, पण ठेका आणि खोडी ओळखीची. तमाशाच्या फडाची ही बोर्डावरची हजेरी त्यांनी सॅक्सोफोनच्या कोटात बसवली, यातच अण्णांची करामत. १९५०च्या ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ मात्र सरळ सरळ उचललेलं, कार्मेन मिरांडाच्या १९४५मधल्या एका गाण्यावरून. ते झाकण्यात अर्थ नाही. त्यांच्या पिढीत सगळ्यांनीच उचललं. उचलून कुठे ठेवलं एवढंच पाहायचं.

‘अलबेला’ काढण्यापूर्वी भगवाननं स्वस्तातले मारधाडपट काढून चांगला पैसा केला होता. चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा केला होता. सामाजिक चित्रपट काढ, असा सल्ला राज कपूरनं दिला, असं सांगतात. नायक स्वतः. ना रूप, ना उंची, अंगानं गोल. नायिका गीता बाली, गीतं राजेंद्र कृष्ण यांची. ‘शोला जो भडके’मध्ये बोंगो आहेत, हवाईचे हार आहेत, ब्रासचे फटकारे आहेत, आणि या सगळ्याच्या मधोमध भगवान जवळजवळ काहीच करत नाही. कोपरं किंचित उचललेली, पाय जागच्या जागी अर्धं पाऊल पुढे-मागे, खांदा आणि मान हलकेच, चेहऱ्यावर मिस्किली. हॉलिवूडच्या नटासारखी झेप नाही की गिरकी नाही. कुस्तीगीर जसा समोरच्याचा अंदाज घेत हौद्यात सरकतो तसं काहीसं ते आहे. बाकीचे नट लोकांना नाच दाखवत. भगवाननं लोकांना नाचता येईल असा नाच दिला, आणि पिटातल्या कामगारानं तो जागेवर उभं राहून करून बघितला. त्या वर्षीच्या सर्वाधिक चाललेल्या चित्रपटांत ‘आवारा’ आणि ‘बाजी’च्या पाठोपाठ ‘अलबेला’ होता.

याच संगीतकारानं त्याच चित्रपटात ‘धीरे से आजा री अंखियन में’ ही अंगाई केली आणि दोन वर्षांनी ‘अनारकली’. जाणकारांच्या बैठकीत अण्णांचं नाव निघालं की चर्चा या सुरेल बाजूची होते, उडत्या गाण्यांकडे थोडं कमी लेखूनच पाहिलं जातं. मला वाटतं, अनारकलीसारखं काम करणारे त्या काळात आणखी दोघं-तिघं होते. ‘शोला’ करणारा एकच.

सरकारी कानही या गाण्यांना बंद होता. १९५२ साली नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे, सोर्बोनमध्ये शिकलेले, ध्रुपदाचे चाहते. सिनेसंगीतानं देशाची अभिरुची नासते असं त्यांचं प्रामाणिक मत होतं आणि त्यांनी आकाशवाणीवर ते जवळजवळ बंद पाडलं. लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. ते स्टेशन युद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेल्या जबरदस्त ट्रान्समीटरवर चालत होतं, त्यामुळे कोलंबोहून निघालेला आवाज मुंबईच्या इराण्याच्या हॉटेलात खणखणीत पोचायचा. १९५२च्या डिसेंबरपासून अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, तीही मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन विमानानं कोलंबोला जायची. ताजच्या नाचघरातला आवाज ज्यांना कधीच ऐकायला मिळाला नसता ते ठाण्या-कल्याणच्या चाळींतले, रेल्वे क्वार्टर्समधले, उल्हासनगरच्या बराकींतले लोक आता दर बुधवारी त्याची नातवंडं ऐकत होते. एका मराठी माणसानं ती गाणी दाबली म्हणून दुसऱ्या मराठी माणसाची गाणी आशियाभर गेली. शेवटी १९५७च्या ऑक्टोबरात आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली.

आणि त्याच वर्षी ‘आशा’ आला.

त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत स्फोट झाला होता. १९५४च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमध्ये बिल हेलीनं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ ध्वनिमुद्रित केलं. १९५५मध्ये मडी वॉटर्सच्या सांगण्यावरून चक बेरी शिकागोच्या चेस कंपनीच्या दारात उभा राहिला. सप्टेंबरात न्यू ऑर्लिन्समध्ये लिटल रिचर्डनं ‘टुटी फ्रुटी’ गायलं. जॉर्जियातल्या मेकन गावच्या बसस्टँडवर बशा विसळणारा हा पोरगा. त्या गाण्याची सुरुवात म्हणजे निव्वळ निरर्थक अक्षरं, तोंडानं वाजवलेला ड्रम. अर्थ नसलेल्या शब्दांत गाणं आर्मस्ट्राँगनं १९२६मध्ये ‘हीबी जीबीज’ या रेकॉर्डवर लोकप्रिय केलं होतं, आणि तराणा ऐकत वाढलेल्या आपल्या माणसाला त्यात बिचकण्यासारखं काही नव्हतं.

‘ईना मीना डीका’ची जन्मकथा सिनेसृष्टीत सर्वांना पाठ आहे. बाहेर पोरं इंग्रजी बडबडगीत म्हणत राज्य कुणावर ते ठरवत होती. अण्णांनी ते ऐकलं आणि आपला गोवेकर सहायक जॉन गोम्सबरोबर त्याची गंमत सुरू केली. गोम्सनं त्यात आपल्या कोकणीतलं ‘माका नाका’ घुसडलं आणि गाडी उतारावर सुटली. गाणं दोनदा आलं, एकदा किशोरकुमारच्या आवाजात, एकदा आशा भोसल्यांच्या. किशोरचं जास्त प्रसिद्ध, आणि त्याची मस्ती आहेच तशी. पण आशाबाईंचं कान देऊन ऐका. ब्रासच्या प्रत्येक फेकीला त्या गळ्यानं जे प्रत्युत्तर देतात ते ऐकून त्या वादकांपैकीच एक आहेत असं वाटतं. अमेरिकेत रॉक अँड रोल पेटल्यावर दोन-तीन वर्षांत पुणतांब्याचा माणूस, गोव्याचा माणूस, खांडव्याचा माणूस आणि सांगलीची बाई मिळून ही वस्तू तयार करतात. रेकॉर्ड ऐकून नक्कल केली असती तर ती इतकी सैल, इतकी बिनधास्त उतरली नसती. हातांना ती लय वीस वर्षं ठाऊक होती म्हणून जमलं.

मात्र त्या हातांची नावं रेकॉर्डवर नव्हती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर गाणारा, संगीतकार, चित्रपट एवढंच छापायचे. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवायचा, गोवेकर सहायक ती स्वरलिपीत उतरवायचा, कुठल्या वाद्यानं कुठे शिरायचं हे लिहायचा, वादक शिफ्टवर येऊन वाजवून रोख पैसे घेऊन जायचे. फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही नावं अभ्यासकांनी फार उशिरा वर काढली. हे आपलंच पाप आहे असं मानू नये. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीनं साठच्या दशकात सोल संगीताच्या लाखो तबकड्या विकल्या, त्यावर ज्याच्या बास गिटारवर अख्खी कंपनी तरली त्या जेम्स जेमर्सनचं नाव १९७१पर्यंत नव्हतं. मार्व्हिन गेनं आपल्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर वादकांची यादी छापायला लावली तेव्हा ते आलं.

साठच्या दशकात गिटारवाल्या मुलांचे बँड आले आणि ब्रासचा जमाना सरला. ‘एक फूल चार काँटे’मध्ये इक्बाल सिंगनं एल्विसच्या थाटात एक गाणं म्हटलं. १९६५च्या ‘गुमनाम’मध्ये टेड लायन्स अँड हिज कब्ज हा मुंबईचा बँड पडद्यावर आला, रफीसाहेबांच्या ‘जान पहचान हो’मागे. ते गाणं २००१ साली ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन चित्रपटाच्या सुरुवातीला जसंच्या तसं वापरलं गेलं आणि तिकडच्या तरुणांना त्याचं वेड लागलं. उधारी फिटली म्हणायची. १९६७मध्ये चिक चॉकलेट गेला, पन्नाशी जेमतेम ओलांडून. भगवाननं ‘झमेला’, ‘लाबेला’ वगैरे काढून पुन्हा तोच डाव मांडला, तो जमला नाही. किशोरकुमारला घेऊन केलेला ‘हंसते रहना’ पुरा झालाच नाही, त्यात होतं नव्हतं ते गेलं. जुहूचा बंगला, गाड्या, स्टुडिओ विकून तो दादरच्या चाळीत परतला आणि बारीकसारीक भूमिका करत राहिला. जुन्या दोस्तांपैकी ओमप्रकाश, राजेंद्र कृष्ण आणि अण्णा तेवढे त्याच्याकडे जात राहिले.

५ जानेवारी १९८२ला सी. रामचंद्र वारले. त्यानंतर तेराव्या दिवशी, १८ जानेवारीला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, गिरण्याच मिटल्या. कापड विणण्याचं काम भिवंडीच्या यंत्रमागांवर गेलं. नव्वदच्या दशकात गिरण्यांच्या जमिनी विकायला काढल्या आणि चाळींच्या जागी टॉवर आले. माणसं मध्य रेल्वेच्या रुळांनी उलट निघाली: ठाणे, कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याण, बदलापूर. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या मार्गानं गाठी मुंबईला उतरल्या होत्या त्याच मार्गावर ही कुटुंबं पसरली. सामानात गणपती मंडळ आलं, भजनी मंडळ आलं, आणि भगवानदादाची ती अर्ध्या पावलाची चाल आली.

या पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांत ब्रास बँडची आणि बेंजोची स्वतःची परंपरा होतीच. हळदीला आणि वरातीला ट्रम्पेट लागतंच, आणि ट्रम्पेटवाल्याला कोळीगीताच्या मधे एखादी उडी घ्यायची संधी. ज्याला आपण बेंजो म्हणतो तो बटणांचा, जपानी ताइशोगोतोच्या कुळातला, नाव मात्र अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वाद्याचं. ते कुणी आणि कसं चिकटवलं कोण जाणे. डोंबिवली-कल्याणच्या रस्त्यावर अशा वरातीत ‘अलबेला’तलं ‘भोली सूरत’ सुरू झालं की पोटाचा घेर सुटलेले काका पुढे येतात, कोपरं उचलतात आणि जागच्या जागी डुलू लागतात. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. अमिताभ बच्चनच्या नाचात भगवानची नक्कल आहे असं लोक कौतुकानं सांगतात. खरी नक्कल बघायची तर या काकांची.

भगवानदादा २००२च्या फेब्रुवारीत दादरच्या घरीच गेले. २०१६मध्ये त्यांच्यावर ‘एक अलबेला’ नावाचा मराठी चित्रपट निघाला, मंगेश देसाईंनी त्यांची चाल बरी पकडली होती. त्याआधी २०११मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला, त्या पहिल्या वर्षी बडी गाय येऊन वाजवून गेला. लुइझियानातल्या अर्धेलीच्या शेतावर लहानपणी हातानं कापूस वेचलेला हा माणूस पंचाहत्तरीला आला होता. तिकिटं महाग होती. हिंदी सिनेमाच्या जुन्या स्टुडिओत ब्लूजचा असा थेट माणूस उभा राहिला, पण समोर गिरणगावचं कुणी असेल असं वाटत नाही.

वरातीतल्या बँडच्या यादीत मात्र ‘शोला’ आणि ‘भोली सूरत’च्या पाठोपाठ आता ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ वाजतं. अजय-अतुलनी ‘सैराट’चं सिंफनी ध्वनिमुद्रण हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर केलं, अमेरिकन वादक बसवून आणि मराठी चाली त्यांच्यापुढे स्वरलिपीत ठेवून. तिथल्या ट्रम्पेटवाल्यांची नावं आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?